मधुमेहामुळे पावले बधिर झाली असता व्यायाम कसा करावा

मधुमेह असलेल्या अनेक व्यक्तींच्या पावलांत काही वर्षांनी मुंग्या येऊ लागतात. तळव्यांची आग होते आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर ती वाढते. कापसावरून चालत असल्यासारखे वाटते. काहींना मात्र यांपैकी काहीच जाणवत नाही. चप्पल पायातून केव्हा निसटली, हेदेखील त्यांच्या लक्षात येत नाही. ही सर्व मधुमेहामुळे मज्जातंतूंना झालेल्या इजेची लक्षणे असू शकतात. अशा वेळी घरातील मंडळी काळजीपोटी सांगतात, "आता फार चालू नका, पायांना जपा." या सल्ल्याचा उत्तरार्ध योग्य आहे, पूर्वार्ध योग्य नाही. पावलांवर उघडी जखम नसेल आणि वैद्यकीय तपासणी झालेली असेल, तर चालणे व व्यायाम करणे सुरक्षित आहे आणि आवश्यकही आहे. मात्र वेदनेकडून मिळणारी सूचना आता मिळणार नाही, हे ध्यानात ठेवून ते काम डोळ्यांना आणि हातांना द्यावे लागते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील सुमारे १०.१ कोटी व्यक्तींना मधुमेह आहे. गोव्यात हे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले. मज्जातंतूंची इजा ही मधुमेहाच्या सर्वसामान्य गुंतागुंतींपैकी एक असल्याने ही माहिती प्रत्येक कुटुंबाच्या उपयोगाची आहे.

मज्जातंतूंना इजा कशी होते

रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली, की मज्जातंतूंचे धागे आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या अतिसूक्ष्म वाहिन्या या दोहोंची हानी होते. ज्या मज्जातंतूंची लांबी अधिक, त्यांना ही हानी आधी पोहोचते. कमरेतून पायाच्या बोटांपर्यंत जाणारे मज्जातंतू सुमारे एक मीटर लांब असतात. म्हणून बधिरपणा दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होतो आणि पायात मोजे चढवावेत तसा हळूहळू वर सरकतो. तो गुडघ्याजवळ पोहोचेपर्यंत हातांच्या बोटांनाही मुंग्या येऊ लागतात.

हानी केवळ संवेदनेची होत नाही. पावलांतील लहान स्नायू दुबळे होऊन बोटे वाकडी होतात व चवड्यावर अधिक भार पडतो. घाम येणे थांबल्याने त्वचा कोरडी पडून टाचांना भेगा पडतात. काही व्यक्तींमध्ये रक्तदाब आणि हृदयाची गती सांभाळणारे मज्जातंतूही बिघडतात.

वेदनेचे कार्य काय, हे समजून घेण्यासाठी आपल्याच देशातील एक अनुभव मोलाचा आहे. तामिळनाडूतील वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये रुजू झाले. कुष्ठरुग्णांवर उपचार करताना त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या ध्यानात आले, की रुग्णांच्या हातापायांची बोटे आपोआप झडत नाहीत. संवेदना गेल्यामुळे भाजणे, कापणे, घासणे रुग्णाला कळत नाही आणि न कळलेल्या जखमांतून अवयवाचा नाश होतो. मधुमेहाने बधिर झालेल्या पावलांनाही पुढे हेच तत्त्व लागू करण्यात आले. निरोगी व्यक्तीच्या बुटात खडा गेला, तर ती चार पावलांत थांबते. बधिर पावलाची व्यक्ती त्याच खड्यावर दिवसभर चालते. धोका चालण्याचा नाही, तो न पाहता चालण्याचा आहे.

व्यायामाने काय साधते, काय साधत नाही

काम करणारा स्नायू रक्तातील साखर इन्सुलिनच्या साहाय्याशिवायही ओढून घेतो. व्यायामानंतर सुमारे एक दिवस शरीरावर इन्सुलिनचा परिणामही अधिक चांगला होतो. म्हणून व्यायामात सलग दोन दिवसांपेक्षा अधिक खंड पडू देऊ नये. पोटऱ्या, घोटे आणि मांड्या बळकट झाल्या, की तोल सुधारतो व पडण्याचा धोका कमी होतो.

पूर्वी बधिर पावलांच्या व्यक्तींना चालण्याचा व्यायाम टाळण्यास सांगितले जात असे. पावलावर जखम नसेल आणि पादत्राणे योग्य असतील, तर मध्यम गतीने चालण्याने व्रण होण्याचे प्रमाण वाढत नाही, असे पुढील अभ्यासांत आढळल्याने हा सल्ला बदलला आहे.

मात्र गेलेली संवेदना व्यायामाने पूर्णपणे परत येईल, अशी अपेक्षा ठेवू नये. कोणतेही तेल, यंत्र अथवा पट्टा 'बधिरपणा मुळापासून घालवतो' असे सांगितले जात असेल, तर त्यावर विसंबून नियमित उपचार थांबवू नयेत.

सुरुवात करण्यापूर्वी

व्यायाम सुरू करण्याआधी जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, अथवा सामुदायिक आरोग्य केंद्र वा जिल्हा रुग्णालयातील असंसर्गजन्य रोग चिकित्सा कक्षात जाऊन पुढील तपासण्यांविषयी विचारावे.

• पावलांची संवेदना: मोनोफिलामेंट नावाचा, १० ग्रॅम दाब देणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून आणि नादकाटा अंगठ्याच्या हाडावर ठेवून ती तपासतात.
• पावलांतील रक्तपुरवठा: पायाच्या नाड्या हाताने तपासल्या जातात.
• रक्तदाब: आधी झोपलेल्या आणि नंतर उभ्या स्थितीत मोजून घ्यावा.
• डोळ्यांच्या मागील पडदा आणि हृदय: यांची स्थिती व्यायामाचा प्रकार ठरवते.
• ब-१२ जीवनसत्त्व: मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्या व्यक्तींत याची कमतरता होऊ शकते व त्यामुळेही मुंग्या येतात. ही कमतरता उपचाराने भरून निघते.

घरी एक सोपी चाचणीही करता येते. डोळे मिटून स्वस्थ पडून राहावे. घरातील व्यक्तीने दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना आपल्या बोटाने क्रमाक्रमाने, एक ते दोन सेकंद, अगदी हलकेच स्पर्श करावा, दाबू नये. स्पर्श कळताच आपण तसे सांगावे. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर पावलांचे संरक्षण करणारी संवेदना कमी झाली आहे असे समजून तपासणीस जावे. ही चाचणी वैद्यकीय तपासणीची जागा घेत नाही.

रोजची पाच मिनिटे पावलांसाठी

व्यायामापूर्वी आणि व्यायामानंतर दोन्ही पावले उजेडात पाहावीत. तळवा दिसत नसेल, तर जमिनीवर आरसा ठेवावा. दृष्टी मंद असेल, तर घरातील व्यक्तीस पाहण्यास सांगावे. बोटांच्या बेचक्या, टाचा आणि चवडा पाहून फोड, भेग, लालसरपणा, सूज, नवीन घट्टा यांचा शोध घ्यावा. हाताच्या मागील बाजूने दोन्ही पावलांना स्पर्श करून एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गरम लागते का, हेही पाहावे.

पाय कोमट पाण्याने धुवावेत आणि पाण्याची उष्णता पायाने न पाहता कोपराने पाहावी. बेचक्या टिपून कोरड्या कराव्यात. तळव्यांना व टाचांना तेल किंवा मलम लावावे, बेचक्यांत लावू नये. नखे सरळ कापावीत. घट्टे आणि कुरूप ब्लेडने कापू नयेत, त्यांवर औषधी पट्ट्याही लावू नयेत. गरम पाण्याच्या पिशवीने शेकणे, शेकोटीजवळ पाय धरणे आणि दुचाकीच्या तापलेल्या सायलेन्सरचा स्पर्श या तिन्हींपासून बधिर पायांना जपावे.

पादत्राणे

अनवाणी चालू नये, घरातही नाही. अंगठा अडकवण्याची चप्पल बधिर पायातून निसटते, म्हणून मागे पट्टा असलेली सँडल किंवा पुढून रुंद बूट वापरावेत. पादत्राणे दुपारनंतर खरेदी करावीत, कारण तोवर पावले किंचित सुजलेली असतात. सर्वांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा असावी. नवीन जोड पहिल्या दिवशी तासभरच घालून लगेच पावले पाहावीत. बूट घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी तो उलटा करून झटकावा आणि आत हात फिरवून खडा, खिळा अथवा दुमडलेले अस्तर नाही ना, याची खात्री करावी. मोजे सुती, घट्ट इलॅस्टिक नसलेले व कोरडे असावेत. तळव्यावर घट्टे असतील किंवा बोटे वाकडी झाली असतील, तर मायक्रोसेल्युलर रबराच्या मऊ तळाच्या पादत्राणांविषयी डॉक्टरांना विचारावे. कुष्ठरुग्णांसाठी आपल्या देशात वर्षानुवर्षे वापरला जाणारा हा तळ मधुमेहींनाही उपयोगी पडतो.

मंदिर, गुरुद्वारा, मशीद अशा ठिकाणी पादत्राणे काढावी लागतात. तेथे जाड मोजे घालावेत आणि फरशी तापण्यापूर्वी सकाळीच जावे. शेतात चिखलात उतरणाऱ्यांनी गमबूट वापरावेत व काम संपताच पाय धुऊन पाहावेत.

व्यायाम कोणता व किती

आठवड्यात एकूण १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम हे ध्येय ठेवावे; उदाहरणार्थ, रोज ३० मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस. पूर्वी सवय नसेल, तर दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटांनी सुरुवात करून दर आठवड्याला थोडी वाढ करावी. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, ही मध्यम गतीची खूण आहे. सपाट, उजेडाचा रस्ता निवडावा. तोल फार जात असेल, तर स्थिर सायकल किंवा बसून करावयाचे व्यायाम करावेत. उड्या मारणे आणि धावणे टाळावे.

पुढील व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करावेत. प्रथम ते भौतिकोपचारतज्ज्ञांकडून शिकून घेणे इष्ट आहे. बूट घालूनच करावेत. केवळ दुसरा आणि तिसरा व्यायाम स्वच्छ फरशीवर, मोजे घालून करता येईल.

१. घोटा फिरवणे: खुर्चीवर बसून एक पाय किंचित उचलावा. पाऊल वर-खाली १० वेळा हलवावे, नंतर दोन्ही दिशांनी गोल फिरवावे.

२. टाच व चवडा उचलणे: बसून दोन्ही टाचा उचलाव्यात, तीन आकडे मोजून खाली आणाव्यात, नंतर टाचा टेकलेल्या ठेवून चवडे उचलावेत. प्रत्येकी १० वेळा.

३. पंचा ओढणे: जमिनीवर पंचा पसरून पायाच्या बोटांनी तो आपल्याकडे गोळा करावा. याने पावलांतील लहान स्नायूंना काम मिळते.

४. पोटरीचा ताण: भिंतीला दोन्ही हात लावून एक पाय मागे घ्यावा. मागील गुडघा सरळ व टाच टेकलेली ठेवून पोटरी ताणली जाईपर्यंत पुढे झुकावे. ३० सेकंद थांबावे, झटके देऊ नयेत. प्रत्येक पायाने तीन वेळा.

५. उठणे-बसणे: भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीवरून, शक्य असल्यास हातांचा आधार न घेता, सावकाश उठावे आणि सावकाश बसावे. पाचपासून सुरुवात करून १० पर्यंत जावे.

६. तोल साधणे: स्वयंपाकाच्या ओट्याजवळ उभे राहावे. ओट्यावर हात ठेवून प्रथम दोन्ही पावले जुळवून, नंतर एका पावलाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावून १० सेकंद उभे राहावे. जमू लागल्यावर एकच बोट टेकवावे. पुढे ओट्याच्या कडेने याच रीतीने टाचेला बोटे लावीत चालावे.

७. हातांची बोटे: हातांनाही मुंग्या येत असतील, तर मऊ चेंडू दाबणे व अंगठा प्रत्येक बोटाला लावणे हे व्यायाम करावेत.

तोलाच्या व्यायामाचे महत्त्व विशेष आहे. पाऊल जमिनीवर कसे पडले आहे, हे बधिर पायाकडून मेंदूला कळत नाही, म्हणून मेंदू डोळ्यांवर विसंबतो. तोंड धुताना डोळे मिटताच तोल जाणे किंवा अंधारात पाऊल चुकणे, हे याचेच लक्षण आहे. त्यामुळे डोळे मिटून तोलाचा व्यायाम एकट्याने कधीही करू नये.

योगासने करणाऱ्यांनी ती चालू ठेवण्यास हरकत नाही. परंतु वज्रासनात अथवा मांडी घालून दीर्घकाळ बसल्यास घोट्यावर व गुडघ्याजवळील मज्जातंतूवर दाब येतो, म्हणून मधूनमधून पाय मोकळे करावेत. डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा गंभीर परिणाम झाला असेल, तर शीर्षासन, सर्वांगासन, जड वजन उचलणे व श्वास रोखून जोर लावणे टाळावे.

रक्तातील साखर आणि व्यायाम

इन्सुलिन, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारखी औषधे घेणाऱ्यांची साखर व्यायामाने फार उतरू शकते. व्यायामापूर्वी ती ९० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल, तर आधी एखादे केळे किंवा तत्सम काही खावे. दीर्घ व्यायाम केल्यास साखर रात्री उशिरादेखील उतरू शकते. चालण्यापूर्वी मांडीत इन्सुलिन घेणे टाळावे, कारण काम करणाऱ्या स्नायूजवळून ते लवकर शोषले जाते. साखर २५० च्या वर असून मळमळ, उलटी किंवा फार थकवा असेल, तर व्यायाम न करता डॉक्टरांशी संपर्क साधावा.

खिशात नेहमी साखर अथवा ग्लुकोज पावडर ठेवावी. थरथर, घाम, छातीत धडधड, गोंधळल्यासारखे होणे किंवा साखर ७० पेक्षा कमी असणे या स्थितीत लगेच थांबून तीन ते चार चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि नंतर काही खावे. व्यक्ती बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालू नये. तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी.

उभे राहताच चक्कर येत असेल, तर

उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० अंकांनी किंवा अधिक उतरला, तर रक्तदाब सांभाळणारे मज्जातंतू बिघडलेले असू शकतात. अशा व्यक्तींनी अंथरुणातून आधी उठून बसावे, घोटे हलवावेत, मग उभे राहावे. त्यांची नाडी श्रमाचे खरे प्रमाण दाखवत नाही, म्हणून बोलता येते का, यावरून गती ठरवावी. हृदयाला रक्त कमी पडत असतानाही त्यांच्या छातीत दुखेलच असे नाही. अनपेक्षित धाप, घाम अथवा थकवा हाच इशारा मानावा. उन्हात शरीर तापते, पण पुरेसा घाम येत नाही. म्हणून उन्हाळ्यात व्यायाम पहाटे अथवा सूर्यास्तानंतर करावा, आणि पाणी प्यावे.

पावलावर जखम असेल, तर

जखम दुखत नाही, म्हणून ती लहान आहे असे समजू नये. त्या पायावर भार देणारा कोणताही व्यायाम थांबवावा. चालणेही शक्य तितके कमी करावे. जखम त्याच दिवशी दाखवावी. या काळात बसून किंवा पडून हातांचे, खांद्यांचे व दुसऱ्या पायाचे व्यायाम डॉक्टरांच्या सल्ल्याने करता येतात.

पुढील लक्षणे दिसल्यास विलंब करू नये.

• एक पाऊल सुजलेले, लाल आणि दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे गरम असणे, वेदना नसली तरीही. यात आतील हाडे मोडत असू शकतात. अशा पायावर चालत राहिल्यास पावलाचा आकार कायमचा बिघडतो.
• जखमेतून पू किंवा दुर्गंधी येणे, लाली वर चढणे, ताप येणे.
• बोट काळे किंवा निळे पडणे. पाय अचानक गार व फिकट होणे.
• छातीत दडपण, अचानक धाप लागणे, शुद्ध हरपणे. अशा वेळी १०८ अथवा ११२ या क्रमांकावर संपर्क साधावा.

घरातील मंडळींसाठी

शयनगृहापासून स्वच्छतागृहापर्यंत रात्री मंद दिवा असू द्यावा. वाटेतील वायर, सरकणारी पायपुसणी आणि ओली फरशी यांची व्यवस्था करावी. न्हाणीघरात हात धरण्यासाठी दांडी बसवावी. दृष्टी मंद असलेल्या ज्येष्ठांची पावले रोज आपण पाहावीत. हे काम संकोचाचे नाही. तंबाखू सोडण्यास साहाय्य करावे, कारण ती पावलांचा रक्तपुरवठा आणखी घटवते. व्यायामास शक्य तेव्हा सोबत जावे.

मधुमेहामुळे पाय गमावण्याची वेळ बहुधा एका लहान, न पाहिलेल्या जखमेपासून येते आणि ती टाळता येण्याजोगी असते. पावले रोज पाहावीत, पादत्राणांत हात फिरवूनच ती घालावीत, नियमित चालावे आणि वर्षातून किमान एकदा पावलांची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. संवेदना कमी झालेली असेल, तर किती महिन्यांनी पुन्हा यावे, हे डॉक्टरांना विचारून तो दिनांक या पत्रकावरच लिहून ठेवावा.